दोनवर संपलेली यादी

नाना, घरातलं एक बोलकं माणूस गेलं असं मी म्हणते, तेव्हा भेटायला आलेली माणसं माझ्याकडे बघतच राहतात. त्यांच्या हिशेबी तुम्ही कित्येक वर्षं एक शब्दही बोलला नव्हतात. गळ्याचं ऑपरेशन झालं, त्यात स्वरयंत्र काढावं लागलं, आणि त्यानंतरच्या वर्षी मी सून म्हणून या घरात आले. म्हणजे आपल्या सगळ्या पिंप्राळ्याने ऐकलेला तुमचा आवाज फक्त मी ऐकलेला नव्हता. पण या घरात माझ्याशी तुमच्याइतकं कोणी बोललं नाही आणि तुमच्याइतकं कोणी भांडलंही नाही, हे त्यांना कसं सांगायचं?

तुमचं बोलणं म्हणजे आधी पेल्याचा आवाज. टेबलावर स्टीलचा पेला एकदा वाजला की चहा, दोनदा वाजला की पेपर कुठे गेला. आणि लांबलचक काही असलं की फोनवर टाइप करून तो फोन माझ्या नाकासमोर धरायचा, मग माझे हात पिठात असोत नाहीतर लॅपटॉपवर. एकदा मी हौसेने फोनमधल्या बाईकडून तुमचं लिहिलेलं वाचून घ्यायची सोय करून दिली. तिला तुमची अहिराणी झेपेना. ती बिचारी सगळं बँकेतल्या सूचनेसारखं वाचायची. तुम्ही दोन दिवस सोसलंत आणि मग टाइप केलंत, "ही बाई माले आवडस नही. हिले घर धाड."

तपासणीला मी तुम्हाला माझ्या स्कूटरवर न्यायचे. सासऱ्यांना मागे बसवून सून गाडी चालवते, याची कॉलनीत थोडी चर्चा झाली, पण तुम्ही असे ताठ बसायचात की बघणाऱ्याचीच मान खाली जावी. उजवीकडे वळायचं असलं की माझ्या उजव्या खांद्यावर टिचकी, डावीकडे असलं की डाव्या. जळगावचे रस्ते मला काय माहीत नव्हते? माझं माहेर रावेरकडचं, पण कॉलेज इथलंच. तरी टिचकी चुकायची नाही. आता त्या रस्त्याने जाताना खांदे मोकळे मोकळे वाटतात आणि मी चिडते, कोणावर ते कळत नाही.

तुम्ही नोकरी केलीत डाळ मिलमध्ये, पण लोक तुम्हाला ओळखायचे ते निवेदक म्हणून. कुस्त्या, भजनी मंडळांच्या स्पर्धा, शाळांची गॅदरिंगं, जिथे निकाल वाचायचा तिथे नाना. तुमचा किशोर सांगतो, तुम्ही माइकजवळ गेलात की चिवड्याच्या पुड्यांची कुरकुरसुद्धा थांबायची. आणि तुम्ही निकाल कधी वरून वाचला नाहीत. कायम खालून. दहावा, नववा, आठवा, असं चढत चढत पहिल्यापर्यंत. मी एकदा विचारलं, असं का? लोकांना ताटकळत ठेवायला? तुम्ही बराच वेळ टाइप करत होतात. "वरथून वाचं तं खालनासनं नाव कोनी आयकस नही. पहिला समजना का लोके चपला शोधतस." दहाव्या आलेल्याचं नावही लोकांनी कान टवकारून ऐकावं, म्हणून तुम्ही त्याला आधी घेत होतात. हे वाचून मी पोळी लाटायची थांबले होते, ते तुमच्या लक्षात आलं होतं का?

आवाज गेल्यावर तुम्ही कार्यक्रमांना जाणं सोडलंत. कॉलनीत लाउडस्पीकर लागला की तुम्ही उठून खिडक्या लावायचात, भर उन्हाळ्यातही. आम्ही कोणी काही म्हणायचो नाही. मग शिरपूरला ते लग्न झालं. स्टेजवरच्या कोणीतरी जुन्या सवयीने तुमच्या हातात माइक दिला, "नाना, दोन शब्द बोला." मग त्याला आठवलं आणि सगळ्या मांडवाला आठवलं. तुम्ही हसलात, माइक पुसल्यासारखा केलात आणि परत दिलात. येताना धुळ्यापर्यंत बसमध्ये तुम्ही फोन खिशातून काढला नाही. त्या प्रवासात मी ठरवलं की या माणसाला मी पुन्हा स्टेजवर चढवणार. कसं, ते माहीत नव्हतं. पण मी हट्टी आहे हे तुम्हाला माहीत होतं आणि मलाही.

हिवाळ्यात आपल्या कॉलनीची भरीत स्पर्धा असते. मैदानात चुली, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, लाकडी पात्रात ठेचलेल्या हिरव्या मिरच्यांचा ठसका आणि शेवटी पहिल्या दहांचा निकाल. मंडळाचे अध्यक्ष दिलीपभाऊ आपले शेजारी. मी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, यंदाचा निकाल नाना सांगतील. ते हळूच म्हणाले, "वहिनी, माझ्या लग्नातसुद्धा नानाच माइकवर होते. पण आता कसं हो? लोक हसले तर त्यांनाच लागेल."

मी म्हटलं, लोक हसले तर मी कॉलनी सोडून जाईन. ते म्हणाले, तसं नको, तुम्ही आमची वेबसाइट बघता. शेवटी असं ठरलं की नाना निकाल सांगतील, पण भाड्याने आणलेला तरुण निवेदक माइक घेऊन बाजूला उभा राहील. कार्यक्रम पडला तर तो सावरेल. ही अट मी तुम्हाला सांगितली नव्हती. तुम्ही ती स्टेजवर पाय ठेवताक्षणी ओळखलीत.

माझं काम वेबसाइट बनवायचं, म्हणून मी तेच केलं जे मला येतं. एक पान केलं. मोठ्या पडद्यावर आधी नुसता आकडा येईल, भिंतीएवढा. तुमच्या हातात लहानसा रिमोट. तुम्ही वाटेल तेवढं थांबायचं, मग दाबायचं, की त्या आकड्यापुढे नाव येईल. पुन्हा दाबलं की पुढचा आकडा. आवाज नसला तरी थांबणं तुमच्याच हातात राहणार होतं, आणि मला सगळे जे सांगायचे ते तुमच्या थांबण्याबद्दलच सांगायचे.

आकडे मी हाताने लिहिणार नव्हते, कारण परीक्षक शेवटच्या क्षणापर्यंत नावं खालीवर करतात. मोजायचं काम पानावरच टाकलं. पान कसं दिसायचं ते सांगणाऱ्या सीएसएस भाषेत काउंटर, म्हणजे आपोआप मोजत जाणारा आकडा असतो. त्याला सुरुवात कुठून करायची ते सांगायचं आणि दर नावाला कितीने सरकायचं ते सांगायचं. एरवी तो एकेक वाढतो, पण सरकायच्या जागी उणे एक लिहिलं की मोजणी उलटी उतरते. साध्या यादीचे आकडे उलटे करायची आयती सोय असते, पण तो आकडा नावाला चिकटलेला. मला तो सुटा पाहिजे होता, नावाच्या आधी एकटा उभा राहणारा.

पहिल्या चाचणीला तुम्ही खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसलात. दहा नावं म्हणून मी सुरुवात दहापासून केली. पडद्यावर पहिला आकडा आला नऊ, आणि विजेत्यापुढे आलं शून्य. काउंटर आधी सरकतो आणि मग दिसतो, त्यामुळे दहा दिसायला हवा असेल तर अकरापासून निघावं लागतं. हे मला माहीत असून घाईत राहिलं होतं. तुम्ही हसायला लागलात. तुमचं हसणं म्हणजे खांदे हलायचे आणि डोळ्यांतून पाणी, आवाज काही नाही. मग टाइप केलंत, "पहिला नंबरले भोपळा? आक्का माले पोळपाटघाई मारी." पोळपाटाने मारणारी ही आक्का म्हणजे कमलआक्का, दरवर्षी पहिली येणारी, जिच्या भरताला आव्हान द्यायची कोणाची हिंमत नव्हती.

मी अकरा केलं. सगळं नीट उतरलं, दहापासून एकपर्यंत. मी खूश. तुम्ही मात्र मान हलवलीत आणि तिथून आपलं ते भांडण सुरू झालं, जे अजून मिटलेलं नाही.

"एक कसाले दखाडस? एक बठ्ठासले माहीत शे."

मी म्हटलं, नाना, एक सगळ्यांना माहीत असला तरी नऊ जणांना आकडा दाखवायचा आणि पहिल्यालाच नाही, असं कसं चालेल? लोक म्हणतील पान बिघडलं.

"लोके काय येडा शेतस का?"

मी म्हटलं, लोक येडे नाहीत, पण मला या कामातलं कळतं. तुम्ही टाइप केलंत की तुम्हाला लोकांमधलं कळतं. मी पेला आपटला. तुम्ही दोनदा आपटलात. किशोर आतून ओरडला की काय चाललंय. शेवटी एक ठेवला, कारण लॅपटॉप माझा होता.

मग ती संध्याकाळ. तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि गळ्यावरची जागा झाकायला मफलर. मी स्टेजच्या खाली प्लास्टिकच्या खुर्चीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. निकाल सुरू व्हायच्या तोंडावर परीक्षक धावत माझ्याकडे आले. गल्ली चारमधल्या काकांनी वांगी घरी गॅसवर भाजून आणली होती. चव झकास, पण धुराचा वास नाही म्हणून त्यांना हटकलं, तर काका सरळ म्हणाले, "थंडी फार होती हो, आणि सिलिंडर भरलेला होता." नियम म्हणजे नियम. यादीत ते सहावे होते. मी त्यांचं नाव काढलं, दिलीपभाऊंनी हात वर केला, दिवे मंद झाले आणि तुम्ही दाबलंत.

पडद्यावर दहा आला. मैदानात कुजबुज होती, कोणीतरी हसलं. तुम्ही पडद्याकडे बघितलं नाहीत, लोकांकडे बघत राहिलात. असं थांबलात की मलाच वाटलं रिमोट बंद पडला. कुजबुज विरली. मग नाव आलं आणि मागून कोणीतरी शिट्टी मारली. नऊ. पुन्हा तेच थांबणं. आठ आला तेव्हा पुढे बसलेल्या एका आजीबाईंनी मोठ्याने म्हटलं, "आठ." सात आला तो बायकांच्या सगळ्या रांगेने म्हटला. सहापासून मैदानच म्हणायला लागलं. बाजूच्या तरुण निवेदकाने माइक खाली केला आणि तोही म्हणायला लागला. तुम्ही एक बोट उचललंत की आवाज चढायचा, हात खाली केलात की टाचणी पडली तरी ऐकू यावी. मी रडत होते आणि लॅपटॉपवर थेंब पडू नयेत म्हणून ओढणी धरून बसले होते.

तीन झालं. मग दोन आला, भला मोठा, आणि सगळ्यांनी ओरडून म्हटलं, "दोन!" आणि मी चटकन लॅपटॉपवरची यादी बघितली. नाव मी काढलं होतं, पण सुरुवात अकरावरच राहिली होती. पान काही पुढची नावं मोजून बघत नाही, त्याला सांगावं लागतं. नऊ नावं आणि मोजणी दहापासून, म्हणजे यादी दोनवर संपणार होती. पडद्यावर दोन होता आणि मागे एकच नाव उरलं होतं, कमलआक्काचं. एक कधी येणारच नव्हता.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. क्रम तुम्हाला पाठ होता, सहाव्या जागी काकांचं नाव आलं नाही तेव्हाच तुम्हाला उमगलं असणार. मी मान नकारार्थी हलवली, म्हणजे माझ्या हातात आता काही नाही. निवेदकाने माइक उचलला. तुम्ही त्याच्याकडे न बघता तळहाताने त्याला थांबवलंत. पडद्याकडे पाठ केलीत. दोन पावलं पुढे, अगदी स्टेजच्या कडेला आलात. आणि थांबलात. नाना, मी जन्मात तसं थांबणं पाहिलं नाही. भाजलेल्या वांग्यांचा धूर तेवढा हलत होता. मग तुम्ही एक बोट वर केलंत.

अख्ख्या मैदानाने म्हटलं, "एक!"

तुम्ही दाबलंत. पडद्यावर दोनपुढे कमलआक्काचं नाव होतं, पण तो दोन बघायला कोणाला वेळ होता? आक्का उठून तुमच्या दिशेने चालत होती, बायका तिच्या पाठीवर थापा मारत होत्या, आणि दिलीपभाऊ माझ्याजवळ येऊन काहीतरी म्हणत होते जे मला शिट्ट्यांत ऐकू आलं नाही. नंतर बक्षिसं देताना खरा क्रम सांगितला गेला. जो तो आपापल्या आकड्यापेक्षा एकाने वर गेला होता. तिसरे म्हणून टाळ्या घेतलेले पाटीलकाका दुसरे निघाले आणि त्यांनी पुन्हा टाळ्या घेतल्या. एकाचीही तक्रार आली नाही. गल्ली चारमधल्या काकांना लोकांनी भरीत वाढलं आणि शपथ घालून पुढच्या वर्षी काड्या आणायला सांगितल्या.

स्कूटरवर घरी येताना तुम्ही वळणावर टिचकी मारायला विसरलात. दारात उतरलात आणि फोन पुढे केलात. "मी सांगेल व्हतं ना."

मी म्हटलं, ती चूक होती, नाना, चुकीने जिंकलेलं धरत नाहीत. तुम्ही खांदे हलवत आत गेलात.

त्यानंतर घराच्या खिडक्या उघड्या राहायला लागल्या. धुळ्याच्या भजनी मंडळाचं बोलावणं आलं, मग शिरपूरच्या शाळेचं. शर्टाच्या खिशात चष्म्याबरोबर रिमोट आला. दर वेळी मी पान नीट करून द्यायचे, सुरुवातीचा आकडा दोनदा तपासून, आणि दर वेळी तुम्ही टाइप करायचात, "ते दोनवालं लाव." मी मुद्दाम चुकीचं पान लावणार नाही म्हणायचे. तुम्ही मग शेवटी रिमोट खिशात घालून बोट वर करायचात, माझा एक न दाखवता, आणि लोक तो तुम्हाला द्यायचे, मगच नावासाठी रिमोट बाहेर यायचा. घरी येऊन पुन्हा पेले आपटायचे. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यातसुद्धा तुम्ही तेच काढलंत आणि मी तुमच्याशी वाद घातला, कारण वाद घालणं बंद केलं असतं तर तुम्हाला कळलं असतं की डॉक्टर मला काय म्हणाले.

सांगायचं राहिलं ते एवढंच. माहेरी मी मोठ्यांसमोर तोंड उघडत नसे. चार माणसांत बोलायची वेळ आली की मी दुसऱ्या कोणाला तरी पुढे करायचे, म्हणून तर मी पडद्यामागे बसायचं काम निवडलं. तुम्ही मला उलट बोलू दिलंत. नुसतं दिलं नाही, उलट बोलले नाही तर तुम्ही फोन हलवून उत्तर मागायचात. मला बोलती केलीत तुम्ही, नाना. हे मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही त्यावरही काहीतरी टाइप केलं असतंत.

तुमच्या तेराव्याला शिरपूरहून तुमची बहीण, आमच्या आत्याबाई, तिकडच्या बायकांना घेऊन आल्या. आतल्या खोलीत बायका बसल्या होत्या. आत्याबाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तुले भाऊना आवाज आयकाले भेटनाच नही व माय. तेवढं तुन्हं नशीब कमी पडनं." सगळ्यांनी माना हलवल्या.

"मी ऐकलाय, आत्याबाई," मी म्हटलं.

किशोर दारातून डोकावला, बायकोचं डोकं ठिकाणावर आहे ना ते बघायला. शिरपूरच्या बायकांनी भरताची ती संध्याकाळ पाहिलेली नव्हती. मी ती सांगायला सुरुवात केली, मोठ्याने, सगळ्यांच्या देखत. काका आणि त्यांचा सिलिंडर सांगितला तेव्हा दोघीतिघी हसल्या आणि लगेच तोंडावर पदर घेतला. मग तुम्ही रिमोट कसा धरला होता ते सांगितलं, आणि आकडे आले तसे म्हणत गेले. दहा म्हटलं. नऊ म्हटलं. कोणी हललं नाही. दोन म्हटलं आणि मी थांबले. तुमच्यासारखं जमलं नसेल, पण थांबले.

खोलीतल्या बायकांनी एक म्हटलं. त्यात आत्याबाईंचा आवाज सगळ्यात मोठा होता.